गोल डाग

४ फेब्रुवारी

मशीन आलं. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली आणि तरी मेहुण्याचा अंगठा चेपलाच. हा मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. फ्रिज आणि कूलर दुरुस्त करतो, त्याहून जास्त बोलतो. "भावोजी, यानं बाटली द्यायच्या आधी बोट घेतलं," म्हणाला आणि अंगठा तोंडात घालून बसला.

माझ्या खांद्याएवढं उंच, पत्र्याचं, गोल कोपऱ्यांचं मशीन आहे. नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, खालच्या खणात थंड पेयाची बाटली येऊन पडायची. पोहण्याच्या तलावाच्या दारात ते कित्येक वर्षं उभं होतं. बनवणारी कंपनी कधीच बुडाली. तलाव बांधला त्यांची मुलगी आता तो चालवते. मी त्यांना बाई म्हणतो, त्या मला काका म्हणतात. दुरुस्ती करून उन्हाळ्यात तलाव पुन्हा उघडायचा आहे आणि दारात हे मशीन हवं आहे. इतक्या वर्षांत तलावाच्या भिंती रंगवल्या की उरलेला ऑइलपेंट कोणीतरी याला फासत आलंय. हिरवा, त्यावर तपकिरी, त्यावर परत हिरवा.

बाईंची अट एकच. नवा रंग लावायचा नाही, खालचा मूळ रंग आहे तसा वर काढायचा. "खरवडलेला चालेल, उडालेला चालेल, पण तोच हवा," म्हणाल्या. "तो गेला तर परत कुठून आणणार?" मी म्हटलं, गाड्यांचे रंग जुळवण्यात जन्म गेला, रंगाची काळजी माझ्यावर सोडा.

हिच्याशी ठरलं आहे. या कामावरून पुढची कामं मिळाली तर रंगकामाची शेड चालू ठेवायची. नाहीतर भाड्याने द्यायची आणि मी घरी बसायचं. वर्षभरात गिऱ्हाईक का आटलं ते कळत नाही. लोक हल्ली कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जातात, दुसरं काय.

६ फेब्रुवारी

आधी न दिसणाऱ्या जागी करून बघायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मशीनच्या मागे, अगदी खाली, तळहाताएवढी जागा घेतली. रंग काढायचं जेल ब्रशने लावलं, वर प्लास्टिक झाकलं, चहा पिऊन आलो आणि प्लास्टिकच्या पट्टीने ओढलं. ऑइलपेंट सायीसारखा गोळा होऊन आला. खालचा रंग कारखान्यात भट्टीत भाजलेला, तो जागचा हलला नाही. मुद्दाम थिनरने घासला, मग घासून चकाकी आणायची रबिंग पेस्ट लावली. कापसाच्या बोळ्याला कणही लागला नाही. म्हणजे या मशीनवर हात मोकळा चालवायला हरकत नाही.

मेहुण्याने गार करणारी सगळी यंत्रणा काढून त्याच्या दुकानात नेली. जाताना म्हणाला, "टप्प्याटप्प्याचे फोटो काढून ठेवा." मी नाही काढणार. फोटोतला रंग मी आयुष्यात कधी मानला नाही.

७ फेब्रुवारी

पांढरी गाडीवाला आला. मागच्या महिन्यात त्याचं एक दार रंगवलं होतं. ते निळसर दिसतं म्हणे. दोघांनी उन्हात उभं राहून पाहिलं, मला तिळमात्र फरक दिसला नाही. तो माझ्या तोंडाकडेच बघत राहिला. "काका, तुम्ही दाराकडे बघताय ना?" मी म्हटलं, गाडी धुऊन आणा, मग बोलू. मेहुणा मध्ये पडला आणि त्याला बाजूला घेऊन काहीतरी पुटपुटला. गेला एकदाचा.

११ फेब्रुवारी

लाल निघाला. खालचा अर्धा भाग सगळा लाल. पिकलेल्या, जरा दबलेल्या फळासारखा लाल. दांड्याच्या भोवती हातांनी झिजून रंगाखालचा प्रायमर दिसतोय, तिथे मी बोळाही जोरात फिरवला नाही. किती ओल्या हातांनी तो दांडा ओढला असेल. खूप दिवसांनी जेवायची वेळ विसरलो. ही बोलवायला आली तर म्हणाली, "चेहरा बघा, पोरगं परीक्षेत पास झाल्यासारखा."

१२ फेब्रुवारी

शेडमधल्या दोन्ही ट्यूब बदलल्या. नव्याही मंदच निघाल्या. दुकानदाराला म्हटलं, तुझ्याकडचा माल पूर्वीसारखा राहिला नाही. त्याने ट्यूबकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पैसे परत देऊ का म्हणाला. संध्याकाळनंतर स्कूटर मी सोडलीच आहे. समोरच्या गाड्यांचे दिवे अंगावर फुटतात. सगळ्यांनीच हल्ली दिवे वाढवून घेतलेत.

हिने माझ्या पायांकडे पाहून विचारलं, "दोन्ही मोजे एकाच जोडीचे का?" एक काळा आणि एक गडद निळा आहे असं तिचं म्हणणं. दोन्ही काळे होते. तसं सांगितल्यावर गप्प बसली. हल्ली ही वाद घालत नाही, हे एक बरं झालंय.

१५ फेब्रुवारी

वरचा अर्धा भाग क्रीम रंगाचा निघतोय. मधोमध मोठ्या लाल अक्षरांत 'गार प्या'. अक्षरं शाबूत. मी डावीकडून सुरुवात केली आहे, उजवीकडचा ऑइलपेंट अजून तसाच ठेवलाय. डाव्या बाजूला काम अवघड आहे. क्रीमवर राखाडी डाग राहिलेत, फिकट आणि मजेशीर, सगळे गोल. खाली बारीक, वर जाताना मोठे होत गेलेले. ओल धरून बुरशी चढते तेव्हा अशी ठिपक्यांनी चढते, मी गाड्यांच्या छतांवर पाहिली आहे.

ही चहा घेऊन दाराशी आली. थिनरच्या वासाने तिचं डोकं चढतं, म्हणून आत येत नाही. पदर नाकाला लावून लांबूनच म्हणाली, "हे निळं किती नाजूक दिसतंय." मी म्हटलं, निळं काही नाही, बुरशी आहे. तिने कप खाली ठेवला आणि गेली. इतकी वर्षं रंगाऱ्याच्या घरात राहून हिला राखाडी आणि निळा वेगळा ओळखता येत नाही.

१८ फेब्रुवारी

डाग जेलला दाद देईनात म्हणून थिनर आणि वर रबिंग. मागच्या बाजूला करून पाहिलंच होतं, तेव्हा भीती नव्हती. एकेका डागावर बोटभर कापड गुंडाळून गोल गोल फिरवायचं. कापडाला फिकट राखाडी लागतं आणि खालून स्वच्छ क्रीम वर येतं. अगदी वरचा मोठा डाग फार चिवट निघाला. आज शेवटचा काढला. डावी बाजू आता अशी आहे की कारखान्यातून काल आली म्हणावं. इतकं चोख काम गेल्या वर्षभरात हातून झालं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

तलावाच्या बाईंचा फोन. कुठपर्यंत आलं विचारलं. मी लाल आणि अक्षरांबद्दल सांगितलं. त्यांना बरं वाटलं. मग म्हणाल्या, "आणि बुडबुडे? दिसायला लागले का?"

"कसले बुडबुडे?"

"निळे. फिकट निळे. अक्षरांच्या दोन्ही बाजूंनी वर जाणारे. लहानपणी मी त्यांच्यावर बोट ठेवत ठेवत जायचे, वरच्यापर्यंत हात पुरायचा नाही."

मी सांगितलं, डावी बाजू पूर्ण साफ झाली आहे, तिथे असं काही नाही. तुमचा गैरसमज होत असेल, दुसऱ्या कुठल्या मशीनवर पाहिले असतील.

"असेलही," म्हणाल्या. "लहान होते मी."

फोन ठेवल्यापासून मनात पाल चुकचुकते आहे. कापडाला लागलेला तो राखाडी. बुरशी कापडाला काळी लागते.

२२ फेब्रुवारी

सकाळी उजव्या बाजूला अगदी खाली रुपयाएवढी जागा उघडली. नुसतं जेल, थिनर नाही. दोन बारीक गोल डाग निघाले. माझ्या डोळ्यांना राखाडी.

हिला हाक मारली. वासाला न जुमानता आत आली. मी बोट ठेवून विचारलं, "हा रंग कोणता?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"माझ्याकडे नको, इथे बघ. कोणता?"

"निळा," ती म्हणाली. "आकाशी म्हणतात ना, तसा."

"आणि हा पत्रा?"

"पांढरा. जरासा सायीसारखा."

मी खोक्यावर बसलो. मागच्या बाजूला नुसता भाजलेला रंग होता; त्यावर नंतर मारलेल्या नक्षीवर थिनर मी करून पाहिलाच नव्हता. तिने डाव्या बाजूकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. मला वाटलं आता म्हणेल, मी त्या दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "चला, आधी काहीतरी खाऊन घ्या."

२३ फेब्रुवारी

शेडमध्ये गेलो नाही.

२५ फेब्रुवारी

मेहुणा गार करायची यंत्रणा दुरुस्त करून घेऊन आला. त्याला सगळं ऐकवलं. तो मशीनभोवती फिरला आणि म्हणाला, "एका बाजूचा गॅस गेला म्हणायचं." मी हसलो नाही तेव्हा खोक्यावर माझ्या शेजारी येऊन बसला.

"भावोजी, त्यात काय एवढं. उजवीकडचे बुडबुडे निघतील तसे निघू द्या. त्यांच्यावरून डावीकडे मारून टाकू. थोडं घासलं की जुने दिसतील. बाईंना काय कळतंय?"

"त्यांनी नवा रंग नको म्हटलंय."

"त्यांना जुना दिसला म्हणजे झालं."

"आणि निळा मिसळणार कोण? मला तो दिसत नाही."

"मी मिसळेन. नाहीतरी मीच..." इथे तो थांबला.

मी सोडलं नाही. शेवटी बोलला. पांढऱ्या गाडीचं दार त्याने दुसऱ्या रंगाऱ्याकडून परत मारून घेतलं. त्याआधीच्या राखाडी व्हॅनचं बॉनेटही. ज्यांनी तक्रार केली त्यांना तो गाठायचा. ज्यांनी केली नाही ते नुसतेच परत आले नाहीत.

"हिला माहीत होतं?"

"ताईनंच सांगितलं होतं मला, लक्ष ठेव म्हणून."

"आणि माझ्याशी कोणी बोललं नाही."

"बोललो असतो तर ऐकलं असतं का तुम्ही? खरं सांगा."

खरं सांगायचं तर नसतं ऐकलं. पण हे त्याला सांगितलं नाही. ऊठ आणि घरी जा म्हटलं, तो गेला. जाताना यंत्रणा जागेवर बसवायची राहिली, ती दारात पडून आहे.

२७ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टर म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त पिकलेला. "काका, तुम्ही पिवळ्या काचेतून बघताय," म्हणाली. "हळूहळू होतं, म्हणून माणसाला कळत नाही. निळा सगळ्यात आधी जातो." मी विचारलं, किती दिवस झाले असतील? ती म्हणाली, दिवस नाही, वर्षं.

आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया, डाव्याचं नंतर बघू. तारीख मिळाली. घरी येताना रिक्षात हिने माझा हात धरला होता. मी तो सोडवून घेतला. मग दिवसभर त्याचंच वाईट वाटत राहिलं.

१ मार्च

बाईंना फोनवर सांगायचं नव्हतं म्हणून तलावावर गेलो. तलाव रिकामा आहे, तळाशी माणसं फरशांच्या फटी भरतायत. बाई खोल बाजूला खाली उभ्या होत्या. मला पाहून खालूनच म्हणाल्या, "बोला काका, काय झालं?" काठावरून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. लोखंडी शिडीने उतरलो. उतरताना पायरी नीट दिसेना, त्यांनीच दंडाला धरलं.

सगळं सांगितलं. डाग, थिनर, डोळे. आजूबाजूचे कामगारही हात थांबवून ऐकत होते. रिकाम्या तलावात हळू बोललेलंही भिंतीवरून परत येतं.

"मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात माझा गैरसमज आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी घरी जाऊन आईला विचारलं. तिलाही बुडबुडे आठवत होते. मग आम्ही दोघींनी ठरवलं की आपलंच काहीतरी चुकतंय, रंगारी माणूस कशाला चुकीचं सांगेल."

मशीन घासलं ते घासलंच, वर या दोघी मायलेकींच्या आठवणीवरही मी बोळा फिरवून आलो होतो.

"उजवी बाजू?"

"अजून ऑइलपेंटखाली आहे. खालचे दोन उघडलेत, ते नीट आहेत."

"ती कोण काढणार?"

"ज्याला दिसतं तो."

"म्हणजे कोण?"

"आमच्या घरात एक माणूस आहे. तिला अजून विचारलं नाहीये."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मशीन आत्ता हलवता येणार नाही म्हणून तुमच्याकडे ठेवतेय. डाव्या बाजूला कोणी काही रंगवायचं नाही. एवढं तरी ऐका."

शिडी चढताना कोणी हात दिला नाही. द्यायला हवा होता असंही नाही.

५ मार्च

ही तोंडाला मास्क आणि हातात माझे रबरी हातमोजे घालून बसली आहे. बोटं टोकापर्यंत पोचत नाहीत, टोकं लोंबतात. मी मागे खोक्यावर, हात मांडीवर. माझं काम फक्त बोलायचं.

"पट्टी तिरकी धर. अजून. ढकलू नकोस, ओढ."

"स्वयंपाकघरात मी तुम्हाला असं शिकवते का?"

"शिकवतेस."

"शिकवते, पण तुम्ही ऐकत नाही."

पट्टीखालून बुडबुडा वर आला की ती थांबते, मान वाकडी करून बघते आणि म्हणते, "आला." तिच्या 'आला'वर मला विश्वास ठेवावा लागतो. कापसावर जास्त जोर दिला की मी कळवळतो आणि ती म्हणते, "तुम्ही बाहेर जाऊन बसा बघू." चौथ्या बुडबुड्याला कडा थोडी उडाली. तिचे डोळे भरले. मी म्हटलं, कडाच गेली, माझ्यासारखा अख्खा नाही गेला. हे ऐकून ती मोठ्याने रडली, मग हसली, मग थिनरच्या वासाने डोकं दुखतंय म्हणून घरात निघून गेली.

मी मशीनसमोर एकटाच. उजवीकडे मला राखाडी ठिपके दिसतात, डावीकडे काही नाही. माझ्या डोळ्यांना अजूनही डावी बाजूच जास्त चांगली वाटते. हे लिहिताना लाज वाटते.

८ मार्च

उजवी बाजू पुरी झाली. बुडबुडे सगळे आहेत असं ही म्हणते.

उद्या डोळा. डॉक्टरची भीती नाही. पट्टी निघाल्यावर काय काय दिसेल त्याची आहे.

१० मार्च

पट्टी काढली. पहिल्यांदा खिडकीचा पडदा दिसला. मला वाटलं बदललाय. नाही म्हणाली, तोच आहे, त्याचा रंग असाच आहे. बाथरूममधली बादली इतकी निळी आहे की बघवत नाही. हिचे केस बरेच पांढरे झालेत. डावा डोळा झाकला की जग धुतलेलं दिसतं, उजवा झाकला की त्यावर कोणीतरी चहा सांडल्यासारखं. दिवसभर एक एक डोळा झाकत बसलो. ही म्हणाली, "पुरे आता, दुसराही बिघडेल."

शेडमध्ये जाऊ देत नाही.

१४ मार्च

गेलो. मशीनकडे बघायच्या आधी शेडच्या लोखंडी दाराकडे लक्ष गेलं. दोन वर्षांपूर्वी गंज चढलेला तुकडा मी स्वतः रंग जुळवून मारला होता. पॅन्टच्या गुडघ्याला ठिगळ लावावं तसा दिसतो. रोज हजार माणसं या दारावरून जातात. रंगाऱ्याच्या दारावर.

मग मशीन. उजवीकडचे बुडबुडे फार सुंदर आहेत. इतका हलका निळा मीही कधी मिसळला नसता. डावीकडे कोरा क्रीम.

मेहुण्याला फोन केला. "यंत्रणा बसवायला कधी येतोस?" म्हटलं. तो म्हणाला, "म्हणजे बोलताय तुम्ही?" मी म्हटलं, अंगठा कसा आहे?

१९ मार्च

सकाळी दार उघडलं की ऊन तिरकं आत येतं. आज त्या उन्हात डावीकडे काहीतरी दिसलं. कोऱ्या क्रीमवर गोल, भोवतालपेक्षा नखभर उजळ. बुडबुड्यांखालच्या रंगाला ऑइलपेंट चढायच्या आधीच्या वर्षांत ऊन लागलं नव्हतं, तो कमी विटला असेल, तर असं होऊ शकतं. दिसतात पण. पाच-सहा तर नक्की. ढग आला की गेले, ऊन आलं की परत.

किंवा मला ते तिथे हवे आहेत म्हणून दिसतायत. बुरशीही अशीच खात्रीने दिसली होती.

२० मार्च

मेहुण्याला दाखवलं. त्याला नाही दिसले. त्याने डोकं खाजवलं आणि यंत्रणेच्या मागे जाऊन बसला.

हिला बोलावलं. ती पुढे झाली, मागे गेली, वाकली. "आहे काहीतरी," म्हणाली.

"कुठे?"

तिने हवेत कुठेतरी बोट केलं.

"अगं, नसेल दिसत तर नाही म्हण. त्या दिवशी 'निळं आहे' हे मी तुला पुन्हा म्हणू दिलं नाही. आता नाही दिसत हे तरी म्हण."

ती पुन्हा वाकून बघायला लागली. मेहुण्याचा पानाही थांबला.

"नाही दिसत," ती म्हणाली. "मला काही म्हणजे काही दिसत नाही."

जखमेवर थिनर लागावा तसं झालं. पण तिच्याकडून इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं.

२२ मार्च

बाई मशीन न्यायला आल्या. बरोबर त्यांची आई. उजव्या बाजूसमोर आई थांबल्या आणि खालच्या बुडबुड्यावर बोट ठेवून एक एक वर नेत गेल्या. त्यांचा हात वरपर्यंत पुरला. बाई दुसरीकडे बघत होत्या.

मी सांगितलं, डावीकडे मला खुणा दिसतायत. इतर कोणाला दिसत नाहीत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण पडताळून बघता येईल. अशी मशीनं बनवताना कारखान्यात नक्षीचा साचा बहुधा एकच असतो, दुसऱ्या बाजूला तोच उलटा धरून रंग मारतात. मी डावीकडे मला दिसतं तिथे मऊ पेन्सिलने गोल काढतो. मग उजवीकडचे बुडबुडे कागदावर उतरवून तो कागद उलटा करून डावीकडे लावू.

"आणि नाही जुळलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर पेन्सिल पुसतो आणि गप्प बसतो."

उजव्या बाजूकडे पाठ करता येत नव्हती, म्हणून मेहुण्याने तिच्यावर चादर टाकली. आधीच पाहिलेलं आठवून काढतोय असं मला स्वतःलाही वाटायला नको होतं, पण ते कोणाला पूर्ण टाळता येणार. डावा डोळा झाकून, तिरक्या उन्हात, जिथे खरोखर दिसलं तिथेच हात टेकवला. झाल्यावर हिने चादर काढली आणि बटर पेपरवर उजवीकडचे बुडबुडे उतरवले. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. कागद उलटा केला, 'गार प्या'च्या अक्षरांशी कडा जुळवली आणि दोन्ही कोपरे धरून उभी राहिली.

खालचे सगळे बसले. रेघेवर रेघ. मधलेही. वरचे दोन बसले नाहीत, एक तर चांगला चार बोटं बाहेर होता.

मग बाईंच्या आईंनी विचारलं, "हे वरचे दोन कोणाचे?"

"माझे," मी म्हटलं. "ते मला दिसले, पण तिथे नव्हते."

बोळा घेऊन ते दोन मी पुसले. मेहुणा हळूच म्हणाला, "बाकीच्यांत आता निळा भरायचा का?" बाईंनी मान हलवली. "नवा रंग नको, हे मीच म्हटलं होतं. पेन्सिल तेवढी पुसू नका." आणि मग माझ्याकडे न बघता, "दुसरा डोळा कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"लवकर करा," म्हणाल्या. पुढच्या कामाचं काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. टेम्पो गेल्यावर शेड फार मोठी वाटायला लागली.

२६ मार्च

शेडचं काय करायचं हे हिला विचारलं. म्हणाली, "मी काय सांगू? तुम्ही सांगा." मग थोड्या वेळाने, "दुपारी मला काम नसतं तसं."

एक शेजारी लोखंडी कपाट घेऊन आला आहे. फिकट निळं. एका दाराला पोचा आलाय. लहान काम आहे. पोचा ठोकून घेतला, पुट्टी भरली, रंग मिसळला, पट्टीवर लावून उन्हात दारावर धरला. मला जुळलेला वाटला. नव्या डोळ्याला जुळला, जुन्यालाही जुळला. हिला बाहेर बोलावलं.

तिने पदर नाकाला लावला आणि बघितलं.

"नाही," म्हणाली.

"कुठे नाही? जास्त पांढरा झालाय? जास्त हिरवा?"

"ते मला नाही सांगता येत. पण नाही."

मी पट्टी पुसली आणि डबा परत उघडला.